ऑन-रोडचा आकडा फोडा: सोलापुरात नवी गाडी घेताना किंमत, फी आणि वाढीव वॉरंटीची बोलणी

माझी आतेबहीण जुळे सोलापुरात राहते, शाळेत शिकवते. पहिली गाडी घ्यायची म्हणून ती आणि दाजी शोरूमला जाऊन आले आणि संध्याकाळी तिने मला कोटेशनचा फोटो पाठवला. सगळ्यात खाली पेनाने गोल केलेला आकडा होता: 11,33,300 ऑन-रोड, म्हणजे टॅक्स, विमा, फी सगळं धरून. तिचा प्रश्न एवढाच, "दादा, यात अजून दहा हजार कमी होतील का?"

मी तिला सांगितलं, त्या गोलाकडे बघू नकोस, वरच्या ओळी वाचून दाखव. त्या अशा होत्या:

एक्स-शोरूम किंमत (रोड टॅक्स, विमा जोडण्याआधीची गाडीची किंमत) 9,20,000
रोड टॅक्स 1,01,200
आरटीओ व इतर 6,500
विमा 51,500
वाढीव वॉरंटी 21,000
ॲक्सेसरीज 24,000
फास्टॅग 600
लॉजिस्टिक व हँडलिंग 8,500

आठवडाभराने तिने गाडी घेतली ती 10,66,500 ला. म्हणजे 66,800 वाचले. त्यातले गाडीच्या किमतीतून सुटले फक्त 15,000. उरलेले 51,800 बाकीच्या ओळींतून आले. या लेखात मला सांगायचं आहे ते हेच. आपण घासाघीस करतो ती गाडीच्या किमतीवर, आणि डीलरच्या हातात खरी जागा असते ती विमा, ॲक्सेसरीज, वॉरंटी, कर्ज आणि "इतर" या ओळींत. एकच मोठा आकडा धरून बोललात की तो दहा हजार सोडतो, तुम्ही खूश होता, आणि उरलेलं तसंच राहतं.

शोरूमला जाण्याआधी

मॉडेल, व्हेरिएंट, इंधन आणि रंग घरीच ठरवा. रंगाला दोन पर्याय ठेवा, कारण जो रंग यार्डात उभा आहे त्यावर सूट लवकर मिळते. कंपनीच्या वेबसाइटवर महाराष्ट्राची एक्स-शोरूम किंमत बघून कागदावर लिहा. या किमतीत जीएसटी धरलेला असतो. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर, तसंच चार मीटरच्या आतल्या 1500 सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर 18 टक्के जीएसटी आहे, त्याहून मोठ्यांवर 40 टक्के आणि इलेक्ट्रिकवर 5 टक्के. कुणी "जीएसटी वेगळा" म्हणत असेल तर तिथेच थांबवा.

मग दुसरं कोटेशन मिळवा. सोलापुरात बऱ्याच कंपन्यांचा एकच डीलर असतो, आणि पंढरपूर किंवा बार्शीचं आउटलेट पुष्कळदा त्याचंच असतं. तिथलं कोटेशन म्हणजे त्याच दुकानाचं दुसरं दार. खरी स्पर्धा हवी तर पुणे, लातूर, कोल्हापूर किंवा सांगलीच्या डीलरकडून व्हॉट्सॲपवर ओळीनिहाय कोटेशन मागवा. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनुसार राज्यातल्या कुठल्याही नोंदणी कार्यालयात गाडी नोंदवता येते, त्यामुळे पुण्यातून घेण्याची तुमची तयारी डीलरलाही खरी वाटते. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागातल्या अनेकांचे पाहुणे कलबुर्गी, विजयपूरला असतात आणि "तिकडून घे की" असा सल्ला येतो. पण तिथला रोड टॅक्स कर्नाटकाचा, नोंदणी तिथली, आणि तुमचा पत्ता इथला. त्या वाटेला जाऊ नका, तिथल्या ऑन-रोड आकड्याची तुलनाही करू नका.

मी स्वतः सर्व्हिस सोलापुरातच करणार असेन तर पुण्यापेक्षा चार-पाच हजार जास्त देऊन इथल्याच डीलरकडून घेईन. पंचवीस हजारांचा फरक असेल तर मात्र पुणे गाठेन. वॉरंटीचं काम कंपनीच्या कुठल्याही अधिकृत वर्कशॉपला होतं.

ज्या ओळींवर वाद घालू नये

रोड टॅक्स सरकारचा. वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत 11 टक्के, दहा ते वीस लाखांत 12 आणि त्यावर 13. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त. सीएनजीचा दर 1 जुलै 2025 पासून एका टक्क्याने वाढला, तरी पेट्रोलपेक्षा कमीच आहे. कारखानदार मंडळींनी एक ध्यानात ठेवावं: कंपनीच्या नावावर गाडी घेतली तर हा दर थेट 20 टक्के होतो. खर्च दाखवून वाचणारा आयकर आणि हा जादा रोड टॅक्स यांचा हिशेब सीएबरोबर बसून आधी करा.

गाडीची किंमत दहा लाखांच्या वर गेली की 1 टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच गोळा केलेला आयकर लागतो. तो खर्च नाही. तुमच्या पॅनवर जमा होतो आणि आयकर विवरणपत्र भरून परत किंवा वळता करून घेता येतो. शेतीच्याच उत्पन्नावर गाडी घेणारे आणि विवरणपत्र न भरणारे पुष्कळ जण हे दहा-बारा हजार तसेच सोडून देतात. त्या वर्षापुरतं तरी विवरणपत्र भरा. आणि ऊस बिलाची रोकड हातात आहे म्हणून सगळे पैसे रोखीत देऊ नका. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्यात बंदी आहे.

"आरटीओ व इतर" आणि "हँडलिंग"

इथून बोलणी सुरू होते. आरटीओच्या फीचे आकडे ठरलेले आहेत: मोटारीची नोंदणी 600, स्मार्ट कार्ड 200, कर्ज असेल तर बोजा चढवण्याचे 1,500. झाले 2,300. टपाल वगैरे धरा, अडीच हजार. बहिणीच्या कागदावर 6,500 होते. तिने शांतपणे विचारलं, "यातल्या प्रत्येक रकमेची सरकारी पावती मिळेल ना? मग पावतीप्रमाणे देते." ओळ अडीच हजारांवर आली. एवढं एक वाक्य पाठ करून जा. टॅक्सची आणि फीची पावती परिवहन खात्याच्या 'वाहन' पोर्टलवरून निघते, ती मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

हँडलिंग, लॉजिस्टिक, डेपो, फॅसिलिटेशन, नाव काहीही असो, आरटीओच्या फीमध्ये अशी कुठलीही ओळ नाही. कारखान्यातून गाडी शोरूमपर्यंत आणणं, धुऊन पुसून ती उभी करणं हे विक्रेत्याचंच काम. त्याचे पैसे एक्स-शोरूम किमतीत आले. उत्तर येतं, "मालक, सगळ्यांकडून घेतो, सिस्टिममधनं निघत नाही." त्यावर आवाज चढवायची गरज नाही. म्हणायचं, "ठीक आहे, मग या नावाने पक्की पावती द्या, जीएसटी नंबरसह." बहुतेक वेळा ही ओळ तिथेच निघते. निघाली नाही तर तेवढीच रक्कम सूट म्हणून मागा. नंबर प्लेटचंही तसंच. 1 एप्रिल 2019 नंतरच्या गाड्यांना उच्च सुरक्षा प्लेट गाडीबरोबरच येते, त्यामुळे तिची वेगळी मोठी रक्कम दिसली तर विचारा.

विमा

मोटारीच्या कोटेशनमध्ये सगळ्यात जास्त हवा इथे असते. नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरणारा) सक्तीचा आहे, 1 सप्टेंबर 2018 पासून. त्याचा दर सरकार ठरवतं. 1 जून 2022 पासूनच्या दरपत्रकात 1000 ते 1500 सीसीला तीन वर्षांचे 10,640 आणि वर जीएसटी. हा भाग कुठल्याही कंपनीकडे सारखाच. फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात आणि झिरो डेप (सुट्या भागांची घट न कापता भरपाई), इंजिन संरक्षण, इनव्हॉइस भरपाई (गाडी पूर्ण गेली तर बिलाची रक्कम) अशा जोडांमध्ये.

"विमा आमच्याकडूनच घ्यावा लागतो, नाहीतर कॅशलेस मिळत नाही" असं सांगतील. विमा नियामकाच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार विक्रेता अशी सक्ती करू शकत नाही. आणि कॅशलेस हे त्या वर्कशॉपचा विमा कंपनीशी करार आहे की नाही यावर ठरतं, पॉलिसी कुणी विकली यावर नाही. ज्या वर्कशॉपला गाडी नेणार तिथे फोन करून करार असलेल्या कंपन्यांची नावं विचारा आणि त्यातल्याच दोघातिघांचा ऑनलाइन दर काढा.

तुलना करताना विमा रक्कम, म्हणजे गाडी पूर्ण गेली तर मिळणारी रक्कम, सारखी धरा. नव्या गाडीची ती एक्स-शोरूमच्या 95 टक्के असते. 9,20,000 च्या गाडीला 8,74,000. कमी रक्कम दाखवून हप्ता कमी केलेला असेल तर तो स्वस्त विमा नव्हे. आधीची गाडी असेल आणि सलग पाच वर्षं दावा केला नसेल तर 50 टक्के नो क्लेम बोनस नव्या गाडीवर आणता येतो. हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. जुनी गाडी विकल्यावर विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेऊन ठेवा. मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा आधीच दुसरीकडे असेल तर तो पुन्हा घ्यावा लागत नाही.

बहिणीने 37,200 चं कोटेशन दाखवलं आणि शोरूमने त्याच कंपनीचा, त्याच जोडांचा विमा 51,500 वरून तेवढ्यावर आणून दिला. एका मोबाइल स्क्रीनशॉटवर 14,300 रुपये.

ॲक्सेसरीज

थोडक्यात सांगतो. "बेसिक किट घ्यावंच लागतं" हे खरं नाही. सीट कव्हर, मॅट, मडफ्लॅप बाहेर पुष्कळ स्वस्त मिळतात. फक्त सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर तिथली शिवण मोकळी ठेवणारंच कव्हर घ्या. सोलापूरच्या कोरड्या हवेत अंडरबॉडी कोटिंगवर पाच-सहा हजार घालणं मला पटत नाही. ते कोकणातल्या माणसाने करावं. वायर कापून बसवायची कुठलीही वस्तू बाहेरून लावू नका, त्याचं कारण वॉरंटीत येईल. बहिणीने तीन हजारांच्या मॅट घेतल्या आणि बाकीचं सगळं काढून टाकायला लावलं.

किमतीतली सूट आणि मुहूर्त

सूट एका नावाने येत नाही. रोख सूट, एक्सचेंज बोनस, कॉर्पोरेट सूट, जुन्या ग्राहकाची सूट, स्क्रॅप बोनस असे तुकडे असतात. एकेक नाव घेऊन विचारा. शिक्षक, सरकारी आणि बँकेतले कर्मचारी, डॉक्टर यांना पुष्कळदा कॉर्पोरेट सूट बसते, पण ओळखपत्र दाखवल्याशिवाय कुणी आपणहून सांगत नाही. बहिणीच्या पंधरा हजारांतला मोठा भाग तिच्या शाळेच्या ओळखपत्राचा होता.

पाडवा, दसरा, धनत्रयोदशीला डिलिव्हरी घ्यायला रांग असते; त्या आठवड्यात मागणी तुमची आणि जोर त्यांचा. बोलणी आधीच्या पितृपंधरवड्यात उरका, पैसे आणि तारीख लेखी ठरवा, पूजा दसऱ्याला करा. महिन्याचे शेवटचे चार दिवस चांगले, कारण टार्गेट भरायचं असतं. डिसेंबरात सूट मोठी असते, पण गाडीचं उत्पादन वर्ष जुनं लागतं आणि विकताना वर्षानेच भाव पडतो. दहा वर्षं वापरणार असाल तर डिसेंबरची गाडी जरूर घ्या. तीन-चार वर्षांत बदलणार असाल तर सूट खूपच घसघशीत असल्याशिवाय नको.

जुनी गाडी द्यायची असेल तर तिचा विषय नव्या गाडीचा भाव लेखी ठरेपर्यंत काढूच नका. दोन्ही एकत्र आले की इकडचे वीस हजार तिकडे सरकतात आणि आपल्याला कळतही नाही.

वाढीव वॉरंटी

इथे मी जास्त वेळ घेणार आहे. ही ओळ लोक एक तर डोळे झाकून घेतात नाहीतर डोळे झाकून खोडतात.

आधी मूळ वॉरंटी किती ते बघा. मारुती सुझुकीने जुलै 2024 मध्ये ती दोन वर्षं, 40,000 किलोमीटरवरून तीन वर्षं, एक लाखावर नेली. म्हणजे तुम्ही वाढीव वॉरंटी म्हणून जे विकत घेता ते चौथं, पाचवं किंवा सहावं वर्ष आहे. पुढचा प्रश्न: ही कंपनीची स्वतःची आहे की डीलरने दुसऱ्या कुणाची जोडून दिलेली? प्रमाणपत्रावर कंपनीचं नाव नसेल तर घेऊ नका. दुसऱ्याच्या वॉरंटीत दाव्याची मंजुरी, रकमेची मर्यादा, ठरावीक गॅरेज असे अडसर येतात.

नंतर स्वतःचं फिरणं मोजा. "वर्षं किंवा किलोमीटर, जे आधी होईल ते" ही अट इथे सगळं ठरवते. महिन्यातून एकदा पुण्याला जाऊन येणारा माणूस साधारण 500 किलोमीटर करतो, वर्षाचे 6,000; गावातलं, तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर धरून तेवढंच आणखी. वर्षाला 12,000. पाच वर्षांत 60,000, म्हणजे त्याला पाचही वर्षांचा उपयोग होतो. पण दर आठवड्याला पुणे करणारा टॉवेलचा व्यापारी पुण्याचेच 26,000 करतो, बाकी धरून तीसच्या पुढे. त्याची एक लाखाची मर्यादा सव्वातीन वर्षांतच संपते. त्याने पाच वर्षं, एक लाखाची योजना घेतली तर मूळ वॉरंटीनंतर त्याला जेमतेम तीन महिने मिळतात. त्याने जास्त किलोमीटरची योजना मागावी, नाहीतर पैसे ठेवून द्यावेत.

काय धरलेलं नसतं तेही वाचा. क्लच, ब्रेक पॅड, टायर, वायपर, बल्ब, झिजणारे रबरी भाग बहुतेक योजनांत वगळलेले असतात. सोलापूरच्या उन्हात आणि धुळीत आधी तक्रार करतात ती हीच मंडळी, आणि त्यांच्यासाठी ही वॉरंटी नाहीच. ती आहे इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, एसी कॉम्प्रेसर, इलेक्ट्रॉनिक्स अशा मोठ्या बिलांसाठी. म्हणून माझं मत असं: ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, टर्बो इंजिन किंवा मोठी स्क्रीन आणि सेन्सर असलेली गाडी असेल तर कंपनीची वाढीव वॉरंटी घ्याच. साधी मॅन्युअल छोटी पेट्रोल गाडी, फिरणं कमी, तर लगेच घेण्याची घाई नको. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला वेगळी, लांब मुदतीची वॉरंटी असते. तिचं वाढीव वॉरंटीशी मिश्रण करू नका.

घाई नको, कारण ती डिलिव्हरीच्या दिवशीच घ्यावी लागते हे बहुतेक कंपन्यांत खरं नाही. मूळ वॉरंटी संपण्याआधी घेता येते. दर मात्र टप्प्याटप्प्याने वाढतो. "आज किती, वर्षाने किती, तिसऱ्या वर्षी किती" हा तक्ता लेखी मागा. त्यात जीएसटी धरलाय का तेही विचारा. दर कंपनीचा ठरलेला असला तरी डीलरला त्यात वाटा असतो, त्यातून तो सोडू शकतो. बहिणीला ऑटोमॅटिक घ्यायची होती म्हणून तिने वॉरंटी ठेवली, आणि 21,000 ची 17,000 ला मिळाली. तेही शेवटच्या बैठकीत, चेक काढण्याआधी. वॉरंटीची घासाघीस शेवटीच करा.

दावा नाकारला जातो तो बहुधा दोन कारणांनी: सर्व्हिस वेळेत किंवा अधिकृत ठिकाणी न करणं, आणि बाहेरून बसवलेल्या वस्तू. माझ्या जुन्या गाडीची पॉवर स्टिअरिंगची मोटर चौथ्या वर्षी गेली. वाढीव वॉरंटी होती, पण मी एक सर्व्हिस दोन महिने उशिरा केली होती आणि बाहेरून फॉग लाइट जोडून घेतले होते. वर्कशॉपने दोन्ही बोटांवर मोजून दाखवलं. पूर्ण बिल मी भरलं. तेव्हापासून सर्व्हिसच्या तारखा मी घरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहितो.

गाडी विकताना वाढीव वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर जाते का, तेही विचारून ठेवा. जात असेल तर भाव चांगला येतो.

कर्ज

वॉरंटी, विमा, ॲक्सेसरीज कर्जात घालू नका. 21,000 ची वॉरंटी साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांच्या कर्जात टाकली तर ती साधारण 26,460 ला पडते. शोरूममधल्या टेबलावर "फक्त 6 टक्के" ऐकलंत तर फ्लॅट (शेवटपर्यंत सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर व्याज) की घटत्या शिलकीवर (उरलेल्या कर्जावरच व्याज) हे आधी विचारा. पाच वर्षांचा 6 टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीवर जवळपास 10.85 टक्के. 1 ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक किरकोळ कर्जाला मुख्य तथ्य पत्रक देणं बँकांवर बंधनकारक आहे. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. तोच आकडा दोन बँकांत ताडून बघा, आणि मुदतीआधी फेडल्यास दंड किती तेही त्यातच शोधा. कर्जासोबत आयुर्विमा गुपचूप जोडलेला असेल तर तो काढायला लावा.

बुकिंग आणि गाडी तपासणं

बुकिंगची रक्कम लहान ठेवा. पावतीवर चार गोष्टी लिहून घ्या: ओळीनिहाय अंतिम रक्कम, डिलिव्हरीची तारीख, रद्द केल्यास किती कापणार, आणि दर वाढला तर कुणी सोसायचा. बहुतेक फॉर्मवर "डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू" असं बारीक अक्षरात असतं, आणि जानेवारीत कंपन्या दर वाढवतात. सेल्सवाल्याचा तोंडी शब्द त्याची बदली झाली की संपतो.

पूर्ण पैसे भरण्याआधी आणि नोंदणीआधी यार्डात जाऊन नेमकी तीच गाडी बघा. एकदा नोंदणी झाली की बदलून मिळणं फार अवघड. दिवसा उजेडी जा. चॅसी नंबर 17 अक्षरांचा असतो. बहुतेक गाड्यांत दहावं अक्षर वर्ष सांगतं, 2025 ला एस, 2026 ला टी. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष: 3225 म्हणजे 2025 चा बत्तिसावा आठवडा. काचांवरचे आकडे एकमेकांशी जुळतात का, दाराच्या कडांना रंगाचा फरक आहे का, किलोमीटर किती झालेत, स्टेपनी आणि जॅक आहे का, एसी उन्हात उभ्या गाडीत किती वेळात गार करतो, सगळं बघा. विक्री प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म 21 वर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. ते तुमच्या टिपणाशी जुळवा.

गाडी घरी आल्यावर

पहिल्या आठवड्यात विमा पॉलिसी आणि वॉरंटी प्रमाणपत्रावरचा चॅसी नंबर आरसीशी ताडून बघा. माझ्या ओळखीच्या एकांचा वॉरंटीचा नंबर एका अक्षराने चुकला होता. तेव्हाच दुरुस्त झाला म्हणून बरं. एक्सचेंजला दिलेल्या जुन्या गाडीची तारीख-वेळेसह ताबा पावती जपा आणि ती दुसऱ्याच्या नावावर होईपर्यंत पाठपुरावा करा, नाहीतर तिच्या चलनाचे मेसेज तुमच्या मोबाइलवर येत राहतील.

काही चुकीचं वसूल झालं असेल तर आधी डीलरला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तरीही दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथे तक्रार करता येते, त्यामुळे गाडी पुण्यातून घेतली असली तरी सोलापुरात दाद मागता येईल. तक्रारीची फी दिलेल्या रकमेवर ठरते: पाच लाखांपर्यंत काहीच नाही, पाच ते दहा लाखांना 200 आणि दहा ते वीस लाखांना 400 रुपये. म्हणूनच कोटेशन, बुकिंग पावती आणि व्हॉट्सॲपवरची बोलणी पुसू नका. त्याच फाइलमध्ये कर्जाचे कागदही ठेवा. शेवटचा हप्ता फिटल्यावर बँकेचं ना हरकत पत्र आणि सही केलेला फॉर्म 35 घेऊन आरसीवरचा बोजा उतरवायचा असतो.